३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ : या संख्येपुढे एकही अंक चढत नाही

लष्करवाला
नमस्कार मंडळी. शीर्षकातली संख्या पंचवीस अंकी आहे. डोळ्यांना सोसावी म्हणून तीन-तीनचे गट पाडून पुन्हा लिहितो:

३ ६०८ ५२८ ८५० ३६८ ४०० ७८६ ०३६ ७२५

आता डावीकडून एकेक अंक उघडत चला. ३ ला १ ने भाग जातो, जाणारच. ३६ ला २ ने जातो. ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने, ३६०८५२ ला ६ ने. सातला सगळे घाबरतात, पण ३६०८५२८ भागिले ७ बरोबर ५१५५०४, बाकी शून्य. पुढे आठ अंकांना ८ ने, नऊ अंकांना ९ ने... आणि हे थेट शेवटपर्यंत चालतं. पहिल्या तेरा अंकांना १३ ने, सतरा अंकांना १७ ने, एकोणीस अंकांना १९ ने, तेवीस अंकांना २३ ने, आणि अख्ख्या संख्येला २५ ने नि:शेष भाग जातो.

अशा संख्या लहान लांबीच्या भरपूर आहेत. पण सगळ्या मिळून फक्त २०४५६. त्यांतली सगळ्यात लांब ही. पंचवीस अंकी दुसरी नाही, आणि सव्वीस अंकी एकही नाही. 'अजून सापडली नाही' असं नव्हे, ती असूच शकत नाही. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने दाखवलं, ते आपण शाळेत शिकवतो. इथे उलट आहे. नियम पाचवीच्या मुलाला कळेल इतका सोपा, आणि तरी त्या नियमाचा रस्ता एका ठरावीक संख्येपाशी येऊन संपतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

धागा काढायचं कारण: आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गणेशोत्सवात मुलांसाठी एक गणिताचा तास ठेवतात, तो यंदा माझ्याकडे आहे. सहावी ते आठवीची मुलं. हातात कागद-पेन्सिल, मोबाइल बाजूला. या संख्येतलं काय काय त्यांना स्वतः करून बघता येईल? सुचवा.

कंपूवासी
सर, फारच सुंदर. कॅल्क्युलेटरवर करून बघायला गेलो तर दहा अंकांनंतर त्याने हात टेकले. एक्सेलमध्ये टाकली तर ३६०८५२८८५०३६८४००००००००००० झाली, म्हणजे पंधरा अंकांनंतर त्याने सरळ शून्यं भरली. मग वहीत लांब भागाकार मांडला. सतराचा भागाकार पूर्ण उतरला तेव्हा बायकोला बोलावून दाखवला.

शब्दफुला
वाचनखूण साठवली. एक शंका आहे, भाबडी वाटेल. शेवटची हीच, असं इतकं ठामपणे कसं सांगता येतं? पंचवीस अंकी संख्या काही थोड्याथोडक्या नाहीत. कुणी एकेक तपासल्या का?

गजकप्रेमी
शब्दफुला ताई, शंका अगदी योग्य आहे. एकेक तपासायची गरजच पडत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. (मी मूळचा ग्वाल्हेरच्या दौलतगंजचा, सध्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत.)

समजा २५ अंकी अशी संख्या आहे. तिचा शेवटचा अंक खोडला तर उरलेली २४ अंकी संख्याही याच नियमाची असली पाहिजे, कारण नियम डावीकडूनच लागतो. म्हणजे प्रत्येक लांब संख्या आपल्याच जातीच्या एका लहान संख्येला अंक जोडून तयार होते. तेव्हा १ ते ९ पासून सुरुवात करायची. प्रत्येकीला ० ते ९ जोडून बघायचं, २ ने भाग जातो त्या ठेवायच्या. उरलेल्यांना पुन्हा दहा अंक जोडून ३ ची चाळणी. असं पुढे. एखाद्या पायरीवर एकही उरली नाही की काम संपलं, कारण पुढे जोडायला काही राहिलंच नाही. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास भागाकार होतात. साधा लॅपटॉप क्षणात करतो. मी आत्ताच केलं. दर लांबीला किती उरतात ते देतो:

९, ४५, १५०, ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७, २४९२, २४९२, २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, १. आणि मग शून्य.

बेरीज करा, २०४५६ येते.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक सूचना. संगणकाच्या ६४ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आहे, वीस अंकी. आपली संख्या विसाव्या अंकालाच ती ओलांडते. त्यामुळे पायथॉनसारखी कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारी भाषा घ्या, नाहीतर उत्तरं चुकतील आणि चुकली हे कळणारही नाही.

तानपुरा
ही यादी बघून एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. नऊ अंकी २४९२ आणि दहा अंकीही २४९२. योगायोग नाही. दहा अंकी संख्येला १० ने भाग जायचा तर शेवटी ० च हवं, आणि ते कुठल्याही नऊ अंकी संख्येला जोडता येतंच. म्हणून एकीला एक. संख्या तेवढ्याच राहिल्या.

लष्करवाला
तानपुरा, बरोबर. याच पद्धतीने मुलांना सुरुवातीचे आकडे हाताने काढता येतील. ९ चे ४५ होतात, कारण प्रत्येक अंकापुढे पाच सम अंक चालतात. ३७५ चे ७५० होतात, कारण पाचव्या जागी ० किंवा ५, दोनच पर्याय. हे फळ्यावर छान होईल.

आता शब्दफुला ताईंच्या प्रश्नाचं दुसरं टोक. संगणकाने सांगितलं की २६ वा अंक चढत नाही. पण या एका संख्येपुरतं ते आपण हातानेही सिद्ध करू शकतो, आणि त्यात आपली जुनी १००१ ची युक्ती कामी येते. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून तीन-तीन अंकांचे गट करून उजवीकडून एक आड एक अधिक-उणे केले की ७, ११, १३ यांची बाकी तीच राहते. करू:

७२५ − ०३६ + ७८६ − ४०० + ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = ५१६

२६ म्हणजे २ × १३, म्हणून आधी १३ बघू. ५१६ ला १३ ने भागलं, १३ × ३९ = ५०७, बाकी ९. आता पुढे एक अंक जोडायचा म्हणजे संख्या दहापट करून तो अंक मिळवायचा. बाकी ९ ची दहापट ९०, तिला १३ ने भागून बाकी १२. पूर्ण भाग जायला आणखी १ हवा. म्हणजे २६ वा अंक १ च असू शकतो, कारण यानंतरचा पर्याय १४ आणि तो एक अंक नव्हे. पण २६ ने भाग जायचा तर संख्या सम हवी, आणि शेवटी १ आला तर ती विषम. तेरा म्हणतो १ दे, दोन म्हणतो १ चालणार नाही. संपलं.

आता आपली पंचवीस अंकी संख्या पुन्हा नीट बघा. तिच्यात ० पाचदा, ८ पाचदा, ६ चारदा आहे. पण १ आणि ९ एकदाही नाहीत. पुढे जायला तिला नेमका १ हवा होता.

कंपूवासी
सर, अंगावर काटा आला.

तानपुरा
मला अकराने वेड लावलं. अकराची कसोटी: एक आड एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्यांचा फरक ० किंवा ११ च्या पटीत हवा. पहिले अकरा अंक ३६०८५२८८५०३. विषम जागांची बेरीज ३+०+५+८+५+३ = २४. सम जागांची ६+८+२+८+० = २४. बावीस अंकांवर पुन्हा अकरा येतो. तिथे करून बघा: दोन्हीकडे ४८. दोन्ही वेळा फरक शून्य, आणि दुसऱ्या वेळी बरोबर दुप्पट. असं व्हायलाच हवं असा नियम नाही, फरक ११ किंवा २२ ही चालला असता. म्हणून जास्त गोड वाटतं.

आणखी एक. चोवीस अंकी तीन आहेत म्हणता, तर गजकप्रेमी, त्या तिन्ही इथे लिहा ना.

गजकप्रेमी
घ्या:
१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

मधली आपली. आता बघा, बाकीच्या दोघींचा रस्ता का बंद झाला. २५ ने भाग जायला शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ हवेत. बाकीच्या दोघींच्या शेवटी ६ आहे, आणि ६ पुढे काहीही लावलं तरी यांतली जोडी होत नाही. आपलीच्या शेवटी २ आहे, त्यावर ५ बसला आणि २५ झाले. इतकाच फरक.

सहावीतल्या मुलालाही हे दाखवता येईल, सर.

आजोळ_ग्वाल्हेर
फार दिवसांनी असा धागा वाचला. माझा प्रश्न वेगळा आहे. यादी आधी वाढते, मग उतरते, आणि चढण-उतरण फार गुळगुळीत आहे. यामागे काही सूत्र असणार. कुणी सांगेल का? बारावीपर्यंतचं गणित येतं मला, त्या बेताने सांगा.

गजकप्रेमी
हो, आणि मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सर्वांत आवडतो.

समजा आपण n व्या पायरीवर आहोत. एका संख्येला दहा अंक जोडता येतात. लागोपाठच्या संख्यांपैकी सरासरी n पैकी एकीला n ने भाग जातो. म्हणून दहांतल्या सरासरी १०/n टिकतात. म्हणजे पायरीगणिक संख्या १०/२, १०/३, १०/४ अशा पटीत बदलते. n दहापेक्षा लहान तोवर ही पट एकाहून मोठी, यादी वाढते. दहाव्या पायरीला बरोबर एक. त्यानंतर एकाहून लहान, यादी घटू लागते. शिखर नऊ-दहाला का, ते इथे कळतं.

हे सगळे गुणक एकत्र केले की n अंकी अशा संख्यांचा अंदाज येतो: ९ × १० चा (n−१) वा घात, भागिले n चं क्रमगुणित (१ पासून n पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार). नवव्या पायरीला अंदाज २४८०, प्रत्यक्षात २४९२. अकराव्याला अंदाज २२५५, प्रत्यक्षात २२२५. पहिल्या पाच पायऱ्यांवर तर अंदाज तंतोतंत बरोबर आहे. सहाव्याला पहिल्यांदा फरक पडतो, अंदाज १२५०, प्रत्यक्षात १२००.

आता सगळ्या पायऱ्यांचे अंदाज मिळवले तर? १० चे घात भागिले क्रमगुणितं, ही तर e च्या (२.७१८...) घाताची मालिका. बेरीज येते ०.९ × (e चा दहावा घात − १), म्हणजे १९८२३ च्या जवळ. खरा आकडा २०४५६. अंक जोडायच्या या खेळात ऑयलरचा e येऊन बसेल असं कुणाला वाटलं असतं?

आणि पंचविसाव्या पायरीचा अंदाज ०.५८ निघतो. म्हणजे अशी संख्या असेलच याची काही खात्री नव्हती. सव्विसाव्याचा ०.२२.

आजोळ_ग्वाल्हेर
समजलं. दोनदा वाचावं लागलं, पण समजलं. मनापासून आभार.

मुरारकर_आजी
मला भागाकारापलीकडे गणित येत नाही, पण एवढं कळलं की या संख्येत शून्याचं काम मोठं आहे. दहाव्या जागी शून्य हवंच, विसाव्या जागीही हवंच. मग आपण ग्वाल्हेरचे लोक किल्ल्यावरच्या शून्याला कसे विसरलो? जगातलं सगळ्यात जुनं शून्य आपल्या गावात आहे, ते मुलांना आधी दाखवा.

लष्करवाला
आजी, नक्की दाखवणार. ग्वाल्हेर दरवाजाच्या बाजूने किल्ला चढताना चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं. तिथला शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली तिची लांबी २७० हात, आणि रोज ५० माळा देवाला. या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण लिहितो तसंच, लहानसं गोल आहे. साल ९३३ ही तिथे अंकांतच कोरलेलं आहे.

इंदुरी_जिरावन
इंदूरहून नमस्कार. आजी, शिलालेख अनमोलच आहे, त्यात वाद नाही. फक्त 'जगातलं सगळ्यात जुनं' हे मुलांना सांगताना जपून. कंबोडियात मेकाँग नदीकाठी सापडलेल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, असं साल कोरलंय आणि त्यातलं शून्य ठिपक्याने दाखवलंय. ते ग्वाल्हेरच्या आधीचं. ग्वाल्हेरचं महत्त्व असं की तिथे स्थानमूल्य आणि शून्य रोजच्या व्यवहारात, बागेच्या मापात आणि माळांच्या हिशेबात, अगदी सहज वापरलेलं दिसतं. कोरणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलेलं नाही. मला यात जास्त अभिमान वाटतो.

मुरारकर_आजी
हे मला ठाऊक नव्हतं. व्यवहारातलं शून्य म्हणून सांगा मग, तेही चांगलं आहे. माझ्या लहानपणी आम्ही तिथे सहलीला जायचो, आणि त्या भिंतीवरचा आकडा कुणी बोट ठेवून दाखवला नाही कधी. आता मुलांना दाखवा.

शब्दफुला
स्थानांवरून आठवलं. ही संख्या मराठीत वाचायची तर कशी? भास्कराचार्यांनी अठरा स्थानांची नावं दिली आहेत, एकापासून परार्धापर्यंत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. मग उजवीकडचे सतरा अंक सोडले की डावीकडे ३६०८५२८८ उरतात. म्हणजे तीन कोटी साठ लक्ष पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध, आणि वर ५०३६८४००७८६०३६७२५. मोठ्याने वाचून बघा, तोंड भरून येतं.

इंदुरी_जिरावन
आता मूळ विषयावर. सर, तुमच्या तासासाठी पंचवीस अंकी संख्या दाखवायला ठीक, पण करायला द्यायची तर तिची धाकटी बहीण द्या: ३८१६५४७२९. हिच्यात १ ते ९ प्रत्येक अंक एकेकदाच आला आहे, आणि नियम तोच. अशी नऊ अंकी संख्या ही एकच. एकच का, हे मुलं स्वतः शोधून काढू शकतात. मी पद्धत लिहितो.

जागांना पहिली ते नववी म्हणू. पाचव्या जागी ५ च, कारण शून्य वापरायचं नाही. दुसरी, चौथी, सहावी, आठवी या जागी सम अंक हवेत आणि सम अंकही चारच, २, ४, ६, ८. म्हणून उरलेल्या विषम जागी १, ३, ७, ९.

चौथी जागा: शेवटच्या दोन अंकांना ४ ने भाग जायला हवा आणि तिसरा अंक विषम आहे. विषमापुढे २ किंवा ६ च चालतो (१२, १६, ३२, ३६...). आठव्या जागीही तसंच, कारण सातवा अंक विषम. म्हणजे चौथी आणि आठवी मिळून २ आणि ६, तर दुसरी आणि सहावी मिळून ४ आणि ८.

आता सहा अंकांना ६ ने आणि पहिल्या तिघांना ३ ने भाग जातो, म्हणून चौथा, पाचवा, सहावा यांची बेरीजही ३ च्या पटीत हवी. चौथा २ असेल तर सहावा ८ (२+५+८ = १५). चौथा ६ असेल तर सहावा ४ (६+५+४ = १५). म्हणजे मधले तीन अंक २५८ किंवा ६५४. दोनच रस्ते.

पहिला रस्ता, २५८: मग दुसरा ४, आठवा ६. आठची कसोटी लावली तर सातवा १ किंवा ९. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत यायला पहिला आणि तिसरा १ व ७ च हवेत, म्हणून सातवा ९. सात अंकांचे दोनच उमेदवार: १४७२५८९ आणि ७४१२५८९. ७ ने भागून बघा, दोन्हींना बाकी उरते.

दुसरा रस्ता, ६५४: दुसरा ८, आठवा २, सातवा ३ किंवा ७. उमेदवार आठ: १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७, ९८१६५४७. सगळ्यांना ७ ने भागा. फक्त ३८१६५४७ ला भाग जातो, ७ × ५४५२२१. पुढे २, शेवटी उरलेला ९. झालं.

मुलांना दहा उमेदवार वाटून द्या, एकेक गट एकेक भागाकार करेल. एकाच गटाची बाकी शून्य येईल आणि त्या गटाचा आनंद बघायला मला बोलवा.

लष्करवाला
इंदुरी_जिरावन, हे मी जसंच्या तसं घेणार आहे. सातची कसोटी मुलांना पाठ नसते याचा इथे फायदाच आहे, खरा भागाकार करावा लागेल.

यात एक जोड देतो. ३८१६५४७२९ पुढे ० लावलं की ३८१६५४७२९०, १० ने भाग जातो आणि शून्यासकट सगळे दहा अंक एकेकदा. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी, द. रा. कापरेकरांनी, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या म्हटलं. हिच्या अंकांची बेरीज ४५, आणि ४५ × ८४८१२१६२ = ३८१६५४७२९०. म्हणजे ही हर्षदही आहे. पंचवीस अंकी मात्र हर्षद नाही. तिच्या अंकांची बेरीज ११०, आणि ११० ने भाग जायला शेवटी शून्य हवं, तिथे ५ आहे. कापरेकर आयुष्यभर शाळेत शिकवत राहिले आणि वही-पेन्सिलीवर ६१७४ चा स्थिरांक काढला, हे मी प्रत्येक वर्गात सांगतो. आमच्या मध्य प्रदेशातल्या मराठी मुलांच्या पुस्तकात ते नाव येतंच असं नाही.

कंपूवासी
माझ्या मुलीने (आठवीत आहे) धागा वाचून विचारलं की उलटी वाचली तरी तीच राहते अशी संख्या या नियमात किती लांब जाते? गजकप्रेमी दादा, बघून सांगाल का?

गजकप्रेमी
चाळणी लावली. सगळ्यात लांब अकरा अंकी निघते: ३००००६००००३. तिला सांगा, ही संपूर्ण तोंडी तपासता येते. ३००००६ ला ६ ने भाग ५०००१, ३००००६० ला ७ ने ४२८५८०, ३००००६०० ला ८ ने ३७५००७५. नऊला अंकांची बेरीज ९. दहाला शेवटी शून्य. अकराला विषम जागा ३+३ = ६ आणि सम जागेवर एकटा ६. प्रश्न उत्तम विचारलाय पोरीने.

जाता जाता फक्त सम अंक वापरून बघितलं, तर वीस अंकांपर्यंत जाता येतं: ४८०००६८८२०८४६६०८४०४०.

आजोळ_ग्वाल्हेर
हे सगळं दशमान पद्धतीत झालं. दुसऱ्या पायात, म्हणजे दहाऐवजी सहा किंवा सात अंकांच्या पद्धतीत, सगळे अंक एकेकदा येणारी ३८१६५४७२९ सारखी संख्या असते का? सातवर हाताने प्रयत्न केला, एकही जमत नाही.

इंदुरी_जिरावन
जमणारच नाही, आणि त्याची सिद्धता छोटी आहे. दशमानात ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर चालते. तसंच पाया b असेल तर b−१ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर चालते. आता १ पासून b−१ पर्यंत सगळे अंक एकेकदा, म्हणजे बेरीज b(b−१)/२. संख्येत अंक b−१, म्हणून पूर्ण संख्येला, आणि म्हणून या बेरजेला, b−१ ने भाग जायला हवा. भागाकार येतो b/२. b विषम असेल तर तो पूर्णांक नाही. म्हणून विषम पायात अशी संख्या कधीच नसते. सात, नऊ, अकरा, सगळे बाद.

सम पायातही ती असेलच असं नाही. पाया ४ मध्ये १२३ आणि ३२१ अशा दोन आहेत. पाया ६ मध्ये १४३२५ आणि ५४३२१. पाया ८ मध्ये तीन. दहात एक. बारात एकही नाही. चौदात पुन्हा एक.

आजोळ_ग्वाल्हेर
५४३२१ पाया ६ मध्ये करून बघितली. ५४ म्हणजे आपले ३४, दोनने जातो. ५४३ म्हणजे २०७, तीनने ६९. ५४३२ म्हणजे १२४४, चारने ३११. ५४३२१ म्हणजे ७४६५, पाचने जातो. उलटी उजळणी म्हणावी तसे अंक, आणि चारही पायऱ्या बरोबर!

लष्करवाला
मंडळी, तासाचा आराखडा असा केला आहे. आधी शून्य आणि २७०. मग पंचवीस अंकी संख्या मोठ्या अक्षरांत भिंतीवर, प्रत्येक मुलाने एक भाजक घ्यायचा. लहानांना २, ४, ५, ८, १०, मोठ्यांना ७, १३, १७. मग दहा उमेदवार. कंपूवासी, मुलीला घेऊन या, ३००००६००००३ तीच सांगेल फळ्यावर. पायाचं प्रकरण यात मावणार नाही, ते आठवीच्या तिघा-चौघांना वेगळं बसवून सांगेन. २३ चा भाजक कुणाला द्यायचा ते ठरत नाही, भागाकार लांब आहे.

मुरारकर_आजी
२३ मला द्या. मीही येणार आहे, भागाकार येतो मला.